दहा बाळांची कुपी

८ फेब्रुवारी, गुरुवार

ही वही लेकीने तीन वर्षांपूर्वी दिली होती, कोरीच पडली होती. आज काढली. पुढच्या महिन्यात माझ्या चौदा महिन्यांच्या कष्टांचा निकाल लागणार आहे, आणि उद्या कोणी म्हणालं की असं झालंच नव्हतं, तर आपल्याकडे लेखी असलेलं बरं. सव्वीस वर्षं नोकरी करून एवढी अक्कल तरी आली आहे.

तर गोष्ट अशी. माझ्या देखरेखीखाली लसीकरणाची बासष्ट केंद्रं आहेत. बाळ तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंतच्या लसी आया अगदी वेळेवर टोचून घेतात. नवव्या महिन्याची गोवराची लस आली, की शंभरातली चाळीस-बेचाळीस बाळं गायब! का? तर आया कंटाळतात. बाळ गुटगुटीत झालं, रांगायला लागलं, की यांना वाटतं झालं आता. दोन वर्षांपूर्वी गोवराची साथ आली तेव्हा वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन बाळं होती. त्यातली तीन घरी परत गेली नाहीत. तेव्हाच मी ठरवलं, या आयांच्या डोक्यात उजेड पाडायचाच.

म्हणून मी आईगट काढले. महिन्यातून दोनदा दहा-बारा आया एकत्र बसवायच्या, मोठी चित्रवही दाखवायची, गप्पांतून समजवायचं. चित्रवहीतलं वाक्य न् वाक्य माझं. मोठे साहेब इतके खूश झाले, की आईगट विभागातल्या चारशे केंद्रांत न्यायचे आणि प्रमुख मला करायचं, असं म्हणाले. पण वरून हुकूम आला, आधी मूल्यमापन करा. मग चिठ्ठ्या टाकल्या. एकतीस केंद्रांत आईगट, एकतीस केंद्रांत नाही. चौदा महिन्यांनी दोन्हीकडची बाळं मोजायची आणि फरक बघायचा.

मोजायला एका संस्थेतून मुलगी आली आहे. वय अठ्ठावीस, पाठीवर तिच्यापेक्षा मोठी बॅग, आणि दर दोन मिनिटांनी एक प्रश्न. मी तिला आकडेवाली म्हणते. तोंडावर नाही, अजून.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आकडेवाली आज दिवसभर माझ्या मागे होती. बाजारामागच्या केंद्रातल्या सिस्टर रजेवर, म्हणून मीच टोचायला बसले. हात अजून चालतो, हलका आहे, आया स्वतः सांगतात.

लहान लसींची नऊ बाळं झाली. नवव्या महिन्याच्या तिघीच आल्या. त्यातली एक शिंपीण, गळ्यात मापाची टेप तशीच घालून आलेली. मी म्हटलं, "बाई, आज तिघीच आहात. नऊजणी जमल्या की कुपी फोडू. पुढच्या गुरुवारी या."

ती म्हणाली, "मागच्या गुरुवारीपण असंच झालं हो."

"मग येताना शेजारणींना घेऊन या ना! तुम्हीच आणल्या तर लवकर जमतील."

तिने टेप काढून पिशवीत टाकली आणि गेली. आकडेवालीने वहीत काहीतरी खरडलं. नंतर विचारते कशी, "मॅडम, तीन बाळांसाठी कुपी का नाही उघडायची?"

या शिकलेल्या पोरींना साधं-साधं सांगावं लागतं. गोवराची लस भुकटीची. पाणी घालून कालवली, की काही तासांची पाहुणी. संध्याकाळपर्यंत वापरायची, उरली ती फेकायची. एका कुपीत दहा बाळांची लस. तिघांसाठी फोडली तर सातांची वाया. बारा वर्षांपूर्वी वरच्या तपासणीत वेस्टेजवरून मला सगळ्यांसमोर झापलं होतं. त्यानंतर मी तोंडी नियम केला, नऊ बाळं जमल्याशिवाय कुपी फोडायची नाही. आज आमचं वेस्टेज विभागात सगळ्यात कमी. शंभरात आठ! माझ्या खुर्चीमागे त्याचं प्रशस्तिपत्र लावलंय, ते तिला दाखवलं.

ती म्हणाली, "छान आहे. पण मग त्या तिघी?"

"येतील की. ज्या येत नाहीत त्यांच्यासाठीच तर आईगट आहेत."

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, "प्रश्न बरा विचारला पोरीने." यांना माझ्याविरुद्ध बोलणारं कोणीही आवडतं. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली, आता रिटायर होऊन मला तपासतात.

१९ फेब्रुवारी, सोमवार

महिन्याचे अहवाल बघितले. पुलापलीकडच्या केंद्रातल्या सिस्टरच्या हाताला काय झालंय कळत नाही. या महिन्यात परत पाच कुप्या 'पडून फुटल्या'. वर्षभर हेच चाललंय. ऑफिसात सगळे तिला धांदरट सिस्टर म्हणतात. तशी बाई कामाला वाघ, रजिस्टर स्वच्छ, बोलणं गोड. पण कुपी हातात धरता येऊ नये? मेमो दिला. वर लिहिलं, 'हाताळणीत काळजी घ्यावी.' तिने सही करून परत पाठवला.

२ मार्च, शुक्रवार

निकाल लागला.

आईगट असलेल्या केंद्रांत शंभरातल्या अठ्ठावन्न बाळांना गोवराची लस. आईगट नसलेल्या केंद्रांत सत्तावन्न.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "एक?" मी विचारलं. आकडेवाली म्हणाली, "एकाचा फरक म्हणजे फरक नाहीच, मॅडम. पुन्हा मोजलं तर तो उलटाही येईल." आवाज मऊ ठेवून बोलत होती, त्याचाच जास्त राग आला. चौदा महिने मी उन्हातान्हात फिरले. बायका जमवल्या, सतरंज्या उचलल्या, चित्रवहीतलं एकेक वाक्य सात-सात वेळा बदललं. आणि ही कानामागून आली आणि तिखट झाली!

मी म्हटलं, "तुमची मोजणीच चुकली असणार." ती म्हणाली, "तपासू या. मलाही फरक निघाला असता तर आवडलं असतं." मग एक कागद पुढे केला. आयांना चित्रवहीतले प्रश्न विचारले होते. आईगटातल्या शंभरातल्या नव्वद जणींना सगळं पाठ. गोवर म्हणजे काय, लस कधी, का, सगळं. "तुमच्या गटांनी शिकवलं, मॅडम. छान शिकवलं. पण शिकून लस वाढली नाही."

हे तर अजूनच वाईट. शिकूनसुद्धा येत नाहीत म्हणजे काय म्हणावं या बायकांना? पालथ्या घड्यावर पाणी.

आज जेवले नाही. हे म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालंय का?" भाजी यांनीच केली होती. मी म्हटलं, हो.

५ मार्च, सोमवार

मोठ्या साहेबांनी बोलावलं. मला वाटलं रागावतील. पण साहेब उलट गोड. "बाई, हे आकडे-बिकडे राहू द्या. अहवाल अजून कच्चा आहे असं म्हणू. सत्तावीस तारखेला वरच्या बैठकीत आपण आईगटच मांडू. फोटो सुंदर आहेत. आयांच्या प्रतिक्रिया सुंदर आहेत. चारशे केंद्रं, आणि प्रमुख तुम्ही."

बाहेर आले तेव्हा हलकं वाटलं. लपवायचं कशाला म्हणा, आनंदच झाला. साहेबांना काम कळतं.

८ मार्च, गुरुवार

आकडेवालीला विचारलं, तुमच्या सगळ्या मोजणीत सगळ्यात चांगलं केंद्र कुठलं? हे विचारायला नको होतं. ती म्हणाली, पुलापलीकडचं. शंभरात शहाऐंशी. आणि तिथे आईगटही नव्हते.

धांदरट सिस्टरचं केंद्र! मी हसलेच. म्हटलं, कुप्या फोडत बसते तरी एवढी बाळं कशी होतात तिच्याकडे?

आकडेवाली हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आयांशी झालेल्या मुलाखती आणि केंद्रांवरच्या नोंदी तुम्ही वाचाव्या असं वाटतं. सगळ्या नाही, चाळीसच पानं आहेत." गठ्ठा ठेवून गेली. बघते सवडीने.

१० मार्च, शनिवार

सुट्टी होती म्हणून वाचायला घेतलं. दुपारपर्यंत वाचत होते.

एक प्रश्न सगळ्या आयांना विचारलेला आहे: नवव्या महिन्याच्या लसीसाठी केंद्रावर किती वेळा गेलात? लस न मिळालेल्या बाळांच्या आयांची ही उत्तरं. 'दोनदा.' 'तीनदा.' 'दोनदा, मग सोडून दिलं.' 'चारदा, चौथ्यांदा सासूबाईंनी विचारलं, रोज उठून कुठे जातेस?' पान उलटलं की तेच. न गेलेल्या आया शंभरात अकरा. बाकीच्या सगळ्या आल्या होत्या. आमच्याच दारात आल्या होत्या.

आणि मग एकतिसाव्या पानावर केंद्रावरची नोंद. 'आई, व्यवसाय शिवणकाम, दुसऱ्यांदा आली. पर्यवेक्षक म्हणाल्या, नऊजणी जमल्या की कुपी फोडू, पुढच्या गुरुवारी या. आईने सांगितलं की मागच्या गुरुवारीही असंच झालं. पर्यवेक्षक म्हणाल्या, मग येताना शेजारणींना घेऊन या.'

माझं वाक्य. जसंच्या तसं. पोरीने नाव घातलं नाही, एवढीच तिची मेहरबानी.

आधी संताप आला. मग उठले, खिडकीशी गेले, परत आले. पुलापलीकडच्या केंद्रातल्या 'पडून फुटलेल्या' कुप्या आठवल्या. वर्षभरात साठ-बासष्ट. आठवड्याला एक-सव्वा. दर गुरुवारी एक.

अग बाई. ती बाई धांदरट नाही.

१२ मार्च, सोमवार

पुलापलीकडे गेले. गाडी न सांगता, रिक्षाने. सिस्टर रजिस्टर लिहीत होत्या. मला बघून उभ्या राहिल्या, चेहरा उतरला. मी म्हटलं, "बसा. कुपी खरंच कधी पडली का हातून?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "एकदा. नऊ वर्षांपूर्वी."

"आणि बाकीच्या?"

"मॅडम, दोन बाळं आली तरी फोडते मी. वेस्टेज लिहिलं तर तुम्ही बंद करायला लावाल. फुटली लिहिलं तर फार तर मेमो येईल. मेमोने कोण मरतं?"

मेमोने कोण मरतं. वॉर्डातली ती तीन बाळं आठवली. त्यांच्या आया किती वेळा आल्या होत्या, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. त्यांच्या आयांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते इथे लिहवत नाही. वही ओली होऊ नये म्हणून आज इथेच थांबते.

२० मार्च, मंगळवार

शिंपीणबाईंचं घर शोधून काढलं. एक खोली, दारातच मशीन, बाळ कापडाच्या चिंध्यांत बसून चिंध्या खात होतं. मी सांगितलं मी कोण. त्या पाय थांबवेनात, मशीन चालूच.

"मी माफी मागायला आले," मी म्हटलं. बोलणं फार सोपं नव्हतं. ही सवय नाही मला.

त्यांनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, "तुमच्या त्या आईगटात मी सहा वेळा आले होते. चित्रवही मला तोंडपाठ आहे. म्हणून दाखवू?" आणि खरंच म्हणून दाखवली! माझीच वाक्यं, माझ्याच ठेक्यात. मग म्हणाल्या, "मला समजवायची गरज नव्हती हो, बाई. मला सुई पाहिजे होती. केंद्रावर यायचं म्हणजे अर्धा दिवस. तीनदा आले. चौथा अर्धा दिवस कुठून आणू?"

मी म्हटलं, आत्ता चला, रिक्षात. पुलापलीकडे आज लसीकरण नव्हतं, पण धांदरट सिस्टरने (आता हे नाव बदलायला हवं) आजूबाजूच्या घरांतून आणखी चार बाळं अर्ध्या तासात गोळा केली. पाचांची टोचणी झाली. शिंपीणबाईंचं बाळ सगळ्यात मोठ्याने रडलं.

येताना रिक्षात मला एकदम सुचलं. उद्याच बासष्ट केंद्रांना फोन करायचे, एक बाळ आलं तरी फोडा! आकडेवालीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, थांबा."

"कशाला थांबू? उघड दिसतंय की!"

"आईगटही उघड दिसत होते, मॅडम."

उचलली जीभ लावली टाळ्याला! फोन आपटला. मग पुन्हा लावला. तिने समजावलं. पुलापलीकडचं केंद्र चांगलं आहे ते कुपीमुळे, का सिस्टरमुळे, का तिथल्या वस्तीमुळे, हे एका केंद्रावरून कसं कळणार? आणि कुप्या संपल्या तर? महिनाभर सगळ्यांना दिली आणि मग साठा रिकामा झाला, तर परत येणाऱ्या आयांना काय सांगणार? पोरगी बरोबर बोलत होती. बरोबर बोलते म्हणूनच राग येतो.

२५ मार्च, रविवार

परवा बैठक. आकडेवालीचा अहवाल मांडायचा, का साहेबांचे सुंदर फोटो? फोटो मांडले तर चारशे केंद्रांत आईगट जातील, मी प्रमुख होईन, चित्रवहीच्या मागे माझं नाव छापलं जाईल. आणि चारशे केंद्रांत आया चित्रवही पाठ करून नवव्या महिन्याला दारातून परत जातील.

अहवाल मांडला तर लोक विचारणार, हा नऊचा नियम कोणाचा?

यांना विचारलं. हे म्हणाले, "छापून झाल्यावर चूक सापडली तर आम्ही शुद्धिपत्र छापायचो." मी म्हटलं, "आणि त्यात कोणाची चूक ते लिहायचात?" हे म्हणाले, "नाही. पण सगळ्यांना माहीत असायचं." मग उठून माझी बैठकीची साडी इस्त्री करायला घेतली. अजून दोन दिवस आहेत तर आत्ताच कशाला, काही कळत नाही या माणसाचं.

२७ मार्च, मंगळवार

मांडला.

मोठे साहेब फोटो दाखवून बसले आणि म्हणाले, आता बाई दोन शब्द बोलतील. मी उभी राहिले. टेबलाला धरून उभी होते. म्हटलं, "आईगटांनी आयांना शिकवलं, पण लस वाढली नाही. अठ्ठावन्न आणि सत्तावन्न. कारण आया येतच होत्या. आपणच परत पाठवत होतो. नऊ बाळांचा नियम बारा वर्षांपूर्वी मी केला. कागदावर कुठे नाही, सगळ्या सिस्टरांना मी तोंडाने सांगितला."

साहेब पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

पहिले बोलले ते बर्फवाले. म्हणजे लसींचा साठा सांभाळणारे. शीतपेट्यांत आयुष्य गेलं म्हणून आम्ही त्यांना बर्फवाले म्हणतो. "एका बाळासाठी दहाची कुपी फोडली तर लस दहापट लागेल. तीन महिन्यांत कोठार रिकामं. मग एकालाही नाही मिळणार." माणूस चुकीचं बोलत नव्हता.

तेव्हा आकडेवाली मागच्या खुर्चीतून उठली. "दहापट लागेल का, ते आपल्याला माहीत नाही. पण कळू शकतं. तुम्ही वीस केंद्रांपुरता जादा साठा देऊ शकाल?" बर्फवाल्यांनी बोटांवर मोजलं. वीस जमेल म्हणाले. "मग चाळीस केंद्रांच्या चिठ्ठ्या टाकू. ज्या वीसांची निघेल तिथे एक बाळ आलं तरी कुपी उघडायची. सहा महिने. बाळंही मोजू आणि कुप्याही मोजू."

टेबलाच्या टोकाला वरच्या मोठ्या बाई बसल्या होत्या, साहेबांच्याही साहेब. त्या म्हणाल्या, "आईगट आत्ता चारशे केंद्रांत नको. आधी हे." आणि माझ्याकडे बघून, "तुम्ही चालवणार ना हे?"

मी हो म्हटलं. नोकरी गेली नाही. प्रमुखपद गेलं. साहेब जिन्यात भेटले, बोलले नाहीत.

६ एप्रिल, शुक्रवार

चिठ्ठ्या टाकल्या. पुलापलीकडचं केंद्र वगळलं, तिथे आधीपासूनच चालू आहे. तिथल्या सिस्टरांना मी सांगितलं, यापुढे वेस्टेजला वेस्टेजच लिहा, मेमो येणार नाही. त्यांनी रजिस्टर काढून पहिल्यांदा तो रकाना भरला आणि पेन खाली ठेवताना म्हणाल्या, "हात अगदी मोकळा झाला, मॅडम."

बाजारामागच्या केंद्राची चिठ्ठी नको त्या बाजूला निघाली. म्हणजे तिथे सहा महिने जुनंच. मला ते फार लागलं. म्हटलं, त्या आयांचं काय? आकडेवाली म्हणाली, "साठा वीसांचाच आहे. कोणाला द्यायचा हे तुम्ही ठरवलं असतं तर ओळखीच्यांना दिला असता." हे खरंच आहे. तरी जुन्या वीस केंद्रांसाठी मी एक सवलत काढली: नऊचा नियम राहू दे, पण निदान आईला परत पाठवताना पुलापलीकडचा पत्ता द्या. आकडेवालीने त्यालाही कपाळाला आठ्या घातल्या, मोजणी बिघडेल म्हणून. म्हटलं, बिघडू दे थोडी. तिने ते वहीत लिहून घेतलं, म्हणजे अहवालात येणार. येऊ दे.

१० मे, गुरुवार

बर्फवाले फोनवर बोंबलत होते. "चौपट कुप्या गेल्या पहिल्या महिन्यात! मी सांगत नव्हतो?" मी म्हटलं, दहापट म्हणाला होतात. फोन ठेवला त्यांनी.

मनातून मात्र घाबरले आहे. चौपट म्हणजे पुष्कळ. आणि बाळं फारशी वाढलेली दिसत नाहीत. माझं दुसरंही भाकीत फसलं तर मी तोंड कुठे दाखवू?

२६ जुलै, गुरुवार

गिरणीजवळच्या केंद्रात गेले होते. दार उघडं, कुपी उघडी, चार बाळं. त्यातल्या एका आईला विचारलं, कसं कळलं तुम्हाला? म्हणाली, "नणंद म्हणाली, आता तिथे परत पाठवत नाहीत."

बस. एवढंच वाक्य. माझ्या चित्रवहीत अठ्ठावीस पानं होती.

आकडेवालीला हे फोनवर सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, मॅडम." येत्या आठवड्यात ती येणार आहे. उतरायची सोय आमच्याकडेच केली आहे. लॉजवर चादरी नीट नसतात म्हणून, बाकी काही नाही. तिला लिंबाचं लोणचं आवडत नाही, तेवढं लक्षात ठेवायला हवं.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्षातला दुसरा निकाल. या वेळी मी खुर्चीत बसलेच नाही, दारात उभी होते.

कुपी उघडणाऱ्या वीस केंद्रांत शंभरात एक्याऐंशी. जुन्या वीसांत एकोणसाठ. कुप्या पहिल्या महिन्यात चौपट लागल्या होत्या, सहाव्या महिन्यात अडीचपट. कारण आया यायला लागल्या आणि एकेका कुपीत जास्त बाळं बसायला लागली. आकडेवाली म्हणाली, "या वेळी मात्र फरक आहे, मॅडम." आणि तिचे डोळे भरून आले. आकडे वाचून रडणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली. मग मीही रडले, म्हणजे आता दोन झाली.

अडीचपट परवडेल का, ते बर्फवाल्यांना विचारलं. ते कागद घेऊन गेले, तासाने आले. "साथ आली तेव्हा वॉर्डात जे औषधपाणी लागलं, त्यापेक्षा हे कमीच आहे. फक्त मला तीन महिने आधी सांगत जा." या माणसाच्या तोंडून मला एवढंही पुरेसं होतं.

१९ नोव्हेंबर, सोमवार

हुकूम निघाला. मसुदा मीच लिहिला. वरच्या मोठ्या बाईंनी दोन शब्द बदलले. 'एक बाळ आले तरी कुपी उघडावी. उरलेल्या लसीबद्दल कोणासही जाब विचारला जाणार नाही.' चारशे केंद्रांना. ६ डिसेंबरपासून.

आईगट बंद झाले. सतरंज्या शाळेला दिल्या. चित्रवह्यांचं काय करायचं, कोणी विचारलं नाही. एक प्रत घरी आणली. यांनी बसून सगळी वाचून काढली आणि म्हणाले, "चौदाव्या पानावर वेलांटी चुकली आहे." मग म्हणाले, "बाकी सुंदर लिहिलंयस." एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा बोलले हे.

मोठे साहेब आज पॅसेजमध्ये थांबले. म्हणाले, "बाई, वरच्या बैठकीत मी हे माझ्या विभागात सुरू झालं असं सांगितलं." मी म्हटलं, "झालंच की साहेब." काय बिघडतं?

६ डिसेंबर, गुरुवार

आज पहिला गुरुवार. मी मुद्दाम माझ्या बासष्टांतल्या सगळ्यात लांबच्या केंद्रावर गेले, दीड तासाचा प्रवास. नवीन सिस्टर, दोन वर्षांचीच नोकरी, हुकूम फळ्याशेजारी चिकटवून बसलेली. शीतपेटी तयार, सुया तयार. नऊ वाजता कोणी नाही. दहा वाजता कोणी नाही. साडेदहाला मी बाकावरून उठून दारात उभी राहिले.

रस्त्यावरून एक बाई आली. कडेवर बाळ, नऊ-दहा महिन्यांचं, टोपी घातलेलं. दारापर्यंत आली. आत डोकावली. बाक रिकामं बघितलं. मला काही विचारलं नाही, सिस्टरला काही विचारलं नाही. बाळाची टोपी सारखी केली, वळली आणि चालू लागली.

एका क्षणात मला कळलं. आता परत पाठवायला कोणी लागतच नाही. बारा वर्षांत मी त्यांना इतकं पक्कं शिकवलंय, की रिकामं बाक बघून त्या आपल्या आपण जातात. हे चित्रवहीशिवाय शिकवलं मी, आणि सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

मी धावले. चोपन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई, पदर खोचून भर रस्त्यात धावले. "अहो बाई! थांबा! अहो टोपीवाल्या बाळाची आई!" पानवाला बघायला लागला, सायकलवाला थांबला. एक चप्पल मागे राहिली. ती कोपऱ्यावर पोचली होती. दचकून वळली, बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"काय झालं?"

मला बोलता येईना, धाप लागली होती. तिचा दंडच धरला. "चला परत."

"पण आज कोणीच नाही आलेलं," ती म्हणाली.

"तुम्ही आलात ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. खरं वाटत नव्हतं तिला, आणि का वाटावं? वाटेत दोनदा थांबली. दोनदा विचारलं, "एकट्या बाळासाठी उघडाल?" मी दोनदा हो म्हटलं. पानवाल्याने चप्पल आणून दिली.

सिस्टरने कुपी हातात घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने टोपण काढलं, पाणी घातलं, हलक्या हाताने फिरवलं. बाळ सुईकडे टक लावून बघत होतं, मग जोरात रडलं. आई हसत होती आणि रडत होती, तिला स्वतःलाच कळत नव्हतं काय करतेय ते.

जाताना दारात थांबून म्हणाली, "आमच्या गल्लीत अजून तिघींची राहिली आहेत. एकेकीने आलं तरी चालेल?"

"एकेकीने या," मी म्हटलं. "आत्ता या. आम्ही बसलोय."

दुपारपर्यंत तिघीही येऊन गेल्या.